तेराचा पाढा

शांते, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आबांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून हात झटकले. तुझे भाऊजी सैन्यात ड्रायव्हर, त्यांची बदली झाशीला झालेली. आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेऊन महिनाही झाला नव्हता. माझ्या मोकळ्या कपाळाकडे न बघता आबा म्हणाले, "तुला वाचायला शिकवलं, तिथंच चुकलं माझं." गाडी सुटेपर्यंत ते पाठ करून उभे होते. तू आईचा पदर धरून रडत होतीस.

आबांनी मला शेवटी माफ केलं का, असं तू विचारलंस, म्हणून लिहिते आहे. पाठवीन की नाही, ठाऊक नाही.

स्वतःच्या आईचा शब्द मोडून त्यांनीच मला चौथीपर्यंत शिकवलं. संध्याकाळी ओट्यावर आधी पाढे, मग त्यांच्या पोथीतली एक ओळ. ती अक्षरं आली म्हणून तर पुढं ख्रिस्ती शास्त्र वाचता आलं.

झाशीत मी सदर बाजारात हिंदी शिकले. भाजीवाल्याला भैया, शेजारणीला भाभीजी. मुलांना मराठी कळतं, पण बोलतात हिंदीच. आई गेल्याचं मला उशिरा कळलं. दादाही सैन्यातच, पुढं त्याची बदली बबीन्याच्या छावणीत झाली, आबा त्याच्याकडे राहायला आले. बसनं जवळच, पण माझ्या दारात कधी आले नाहीत. आले ते अर्धं अंग लुळं पडल्यावर, दादाला सीमेवर पाठवलं तेव्हा. गाडीतून उतरवलं, तेव्हा पोथी छातीशी धरलेली होती.

आठवड्यानं त्यांनी ती माझ्यापुढं सरकवली. त्यांना आता दिसत नव्हतं. "वाच," म्हणाले.

"आबा, मी तुमचं सगळं करीन. हे मला नाही होणार."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस भाताला हात लावला नाही. आईबापाचा मान राख, ही आज्ञा मला पाठ आहे. दुसऱ्या देवाला भजू नको, हीही पाठ आहे. दोन्ही एकाच देवाच्या. मी गुडघे टेकून त्यालाच विचारलं.

मग शहरातल्या एका जुन्या मराठी घरी गेले. तिथले म्हातारे काका म्हणाले, "अगं बेटी, त्यात काय! मी वाचीन ना, रोज शाम को." ते सायकलवर यायला लागले. मी दार उघडायची, पाट मांडायची, पाणी ठेवायची आणि आत स्टोव्हपाशी जाऊन बसायची. चर्चबाहेर एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आजकल आपके यहाँ तो कथा चल रही है, बहनजी!" तुझे भाऊजीही कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

एका संध्याकाळी काका आजारी पडले, आले नाहीत. आबांचा हात पोथीवर, कान दाराकडे. दिवे लागले. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं. मी खाटेवर बसून त्यांचे पाय चेपायला घेतले आणि तोंडातून निघालं, तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. ओट्यावर म्हणायची तसंच. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत आले आणि अडले. लहानपणीही तिथंच अडायची.

"एक्याण्णव," आबा म्हणाले. वाकड्या तोंडातून, रागानंच.

पुढचा पाढा मी पुरा केला. सकाळी ते गेले.

शांते, ते शेवटचं एवढंच बोलले. माफीचं काही नाही. दादानं येऊन अग्नी दिला, पोथी तो घेऊन गेला. मी लांब उभी राहून माझी प्रार्थना केली.

आता गाव म्हटलं की मला ना घर आठवतं, ना शिवार. पोळ्या लाटताना मी तेराचा पाढा म्हणते. मुलं हसतात, "मम्मी फिर शुरू हो गईं." अठ्ठ्याहत्तरला येऊन मी थांबते. थोडी वाट बघते. मग पुढचं स्वतःच म्हणते.