राधामावशीची पत्र्याची कोंबडी

आधीच सांगून टाकतो... ज्या वस्तूचा स्क्रू उघडता येतो तिच्यात भूत नसतं, असं मानणारा मी माणूस. धाराशिवला माझं जुने रेडिओ, घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. हल्ली दुरुस्तीपेक्षा शौकीनच जास्त येतात. आपण लहानपणी लाथेनं उडवलेली खेळणी हे लोक काचेच्या कपाटात ठेवतात आणि त्यांच्यापुढं कुजबुजत बोलतात. आपण मनात हसायचं आणि तेल घालून द्यायचं. तेव्हा हे वाचून कुणी मला येड्यात काढलं तरी चालेल, आजवर मीही तेच करत आलोय.

माकणीला माझी राधामावशी राहायची, आईची थोरली बहीण. तिच्याकडं एक चावीची कोंबडी होती — पत्र्याची, पिवळी, लाल तुऱ्याची. किल्ली दिली की टकटक दाणे टिपायची. मावशीच्या यजमानांनी कधीकाळी हैदराबादहून धाकट्या पिंट्यासाठी आणलेली. पिंट्या जेमतेम चार वर्षांचा असताना भूकंपात गेला. थोरला दत्तादादा तेव्हा शिकायला आमच्याकडं होता, म्हणून वाचला. ढिगाऱ्यातून पिंट्याला काढलं तेव्हा कोंबडी त्याच्या पोटाखाली होती आणि किल्ली मुठीत. ती मूठ उघडायला कुणाचा हात धजला नाही. किल्ली त्याच्याबरोबरच चितेवर गेली.

त्यानंतर कोंबडी कधी चालली नाही. पण मावशी जेवायला बसली की आधी तिच्यापुढं चिमूटभर ज्वारी टाकायची, मगच स्वतः घास घ्यायची. एकदा मी चिडवलं, "मावशी, तुमची कोंबडी अंडी कधी घालणार?"

मावशी हसली नाही. "त्या रातीला पिंट्या जेवंना. कोंबडीसंगं खेळत बसला. मला आला राग, म्या त्याच्या म्होरचं ताट उचललं. म्हणलं, झोप तसाच उपाशी. सकाळी दोन घास जास्त घालावं म्हणलं हुतं रे..."

पुन्हा मी त्या कोंबडीवरून कधी चेष्टा केली नाही.

दत्तादादा ढोकीला कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. त्यानं कोंबडीचा फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि पुण्याचा एक शौकीन मागंच लागला. किल्ली नसली तरी चालेल म्हणाला, फक्त रंग जपा, ओलावा लागू देऊ नका. मावशीनं साफ नकार दिला. "मी मेल्यावर काय करायचं ते करा," म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. दहाव्याला आम्ही सगळे धरणाच्या काठावर जमलो. पिंड ठेवला, लांब सरकून बसलो. समोरच्या बाभळीवर कावळे भरपूर, पण एक खाली उतरेल तर शपथ! आमच्यात अशा वेळी गेलेल्याची इच्छा ओळखून मोठ्यानं शब्द द्यायचा असतो. दत्तादादा हात जोडून एकेक सांगत सुटला. "आई, रान इकणार न्हाय. आई, तुझ्या बहिणीला माहेर तोडणार न्हाय." कावळे नुसते बघत होते. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

शेवटी माझी आई म्हणाली, "दत्ता, ती कोंबडी कुठं हाय?"

दत्तादादाचा चेहरा पडला. कोंबडी गाडीतच होती, बबल रॅपमध्ये गुंडाळून. मावशीचा दहावा उरकला की तो तसाच ती पुण्याच्या शौकिनाला द्यायला निघणार होता. सगळी भावकी बघत होती, म्हणून नाइलाजानं त्यानं ती आणली. आईनं ती पिंडासमोर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "आक्के, तुझं लेकरू आलंय बघ."

आणि कोंबडीनं मान खाली घातली.

टक. मग पुन्हा — टक टक टक. किल्ली नाही, कुणाचा हात नाही, वाऱ्याचा पत्ता नाही. पिंडाच्या भातात चोच बुडत होती, शितं चोचीला चिकटत होती. आई तोंडावर पदर धरून रडायला लागली. बाभळीवरचा एक कावळा उडून खाली आला, पिंडापासून हातभर लांब बसला आणि नुसता थांबला. आधी कोंबडीचं होऊ दे, असं त्याला कुणी सांगितलं असावं, इतका शांत.

तेवढ्यात दत्तादादा उठला. "आरं, रंग गेला की! वल्ला भात हाय त्यो!" असं म्हणत त्यानं झडप घालून कोंबडी उचलली आणि टॉवेलानं चोच पुसायला लागला.

त्याच्या हातातही ती टिपतच होती. हवेत. मग हळूहळू थांबली. कावळा उडून गेला, तो परत आला नाही. आई ओरडली, "दत्त्या, आधी आक्कानं, आता तू... दुसऱ्यांदा उठवलं रे त्या लेकराला ताटावरनं!" पण दत्तादादाच्या डोळ्यात वेगळंच काहीतरी चमकत होतं. "मावशी, चालू हाय की ओ ही!" तो माझ्या आईला म्हणाला. शेवटी दर्भाचा कावळाच पिंडाला शिववला.

पुण्याला जाताना तो माझ्या दुकानात थांबला. 'चालू स्थितीत' असं सांगता यावं म्हणून मी तपासून द्यावं, हा त्याचा हट्ट. मी पोटाखालचा स्क्रू उघडला. आत स्प्रिंग नव्हती. गंजाचा भुगा होता, तो टेबलावर सांडला. मी दोनदा बॅटरीचा उजेड मारून बघितलं. चालेल असं आत काहीच नव्हतं. मी स्क्रू परत लावला. "दादा, परत नेऊन ठेव हिला," मी म्हणालो. तो म्हणाला, "खेळणं हाय रे ते," आणि घेऊन गेला.

त्या पुणेकरांचा परवा मला फोन आला. खुशीत होते. म्हणाले, "अहो, गंमत आहे हिच्यात. आम्ही जेवायला बसलो की कपाटात आपोआप टकटक करते. पाहुणे काय हसतात!"

मी त्यांना म्हणालो, "साहेब, तुमचं जेवण सुरू व्हायच्या आधी तिच्यापुढं चिमूटभर ज्वारी टाकत जा. एवढं करा."

ते मनापासून हसले. "छे हो! रंगावर ओरखडे पडतील."

यंत्रात जे दिसायला हवं ते मला दिसलं नाही, आणि जे दिसलं ते कुणाला पटत नाही. पण आता माझ्या बायकोनं ताट वाढलं की माझा हात आधी थांबतो. पुण्यात कुणाच्या तरी दिवाणखान्यात, काचेआड, माझ्या मावशीचं पोर या वेळी जेवायला मागत असेल, आणि लोक हसत असतील.