माझ्या आधीची एक
खोबरेल तेलाचा वास आला की मला कडेगावचं आमचं अंगण आठवतं. सत्तरच्या दशकात, ऐन संसारात असताना, माझे हात खांद्याच्या वर जाईनात. चुलीपुढून उठायचं तर भिंत धरावी लागे. कुणीतरी काही केलंय म्हणून सासूबाई रोज मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकत. मिलिटरीतून रजेवर आलेल्या मालकांनी मला मिरजेला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटलंय. फार क्वचित दिसतो हा आजार. यांच्या आधी मी एकच बाई पाहिली." मालकांनी एवढंच विचारलं, "ती बाई आता कशी हाय?" "खुरपं घेऊन शेतात भांगलायला जाते," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मालक अंगणात, सगळ्यांदेखत, माझी वेणी घालायला बसले. त्यांना फक्त बैलाचा कासरा वळता येत होता, त्यामुळं वेणीही तशीच कडक झाली. बघवेना म्हणून सासूबाई आत गेल्या, आणि तेलाची वाटी घेऊन बाहेर आल्या. गोळ्यांनी हळूहळू माझे हात वर जायला लागले. अजूनही परसातल्या मेथीत खुरपं घेऊन बसले की वाटतं, पुढं कुणी तिसरी आली असेल, तर डॉक्टरांनी तिच्या माणसाला आम्हा दोघींचं सांगितलं असेल.