आप्पानं डब्यावर टाकलेली नावं

पिक्चरच्या लायनीत माही जेवढी वळख हाय तेवढी आख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणाची नसंल. आता त्या लायनीतला एकबी माणूस मला नावानं हाक मारीत न्हाई, समदे ‘ए डबेवाला’ मनतेत, ती गोष्ट अलग. अन ही वळखबी माही कमाई न्हाई, ती मन्मथआप्पाची. पूर्ण्याला टेशनाच्या रस्त्यावर भांड्याचं दुकान, ते आप्पा. त्यायला जाऊन सहा आठवडे झाले. मी त्यायच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, अन मला खबर कुठून आली? मंबईहून. त्या दिशी मी बोरीला सासुरवाडीत शेरडं बघायला गेल्तो. फोन वाजला. शूटिंगमदी लाइट लावायचं काम करणारे नारूदादा व्हते. मनले, “डबेवाला, आप्पांचं ऐकलं ते खरं का रे?” मी मनलं, “काय ऐकलं?” नारूदादा मनले, “तू आधी पूर्ण्याला जा.” एष्टीत बसून पूर्ण्याला येस्तोवर मी एकच इचार करीत व्हतो, मंबईतल्या पंधरा-वीस माणसायला मह्या आधी ठाव झालं, अन मी गावभर आप्पाचा जवळचा माणूस मनून मिरवायचो.

आमचं घर मेंढरावालं. मेंढरं आता भावाकडं, मह्याकडं ऑटो. मेंढरं मी सोडले न्हाई, मेंढरायनी मला सोडलं. मी हाक मारली की ते उलटीकडं पळायचे. शाळेनंबी तसंच केलं. हे सांगणं माहं हाय, लिवायलीय माही पोरगी. मला निस्ती सही येती, अन तिच्यातबी एखादं अक्षर घरीच राहतंय. अशा माणसाला आप्पानं आपली गोष्ट पहिल्यांदा सांगितली. त्यायच्या डोक्यात एक पिक्चर व्हता. एक म्हातारी मेंढरं घेऊन चाललीय, मुक्कामावर कळतंय की एक मेंढी मागं राहिली, मंग ती एकटी दिवसभराची वाट उलटी चालत जाती. बस. मी इचारलं, “आप्पा, मारामारी कुठाय?” मनले, “न्हाई.” “गाणं?” “न्हाई.” “मंग मेंढी तरी मरती का?” मनले, “सापडती.” मी मनलं, “आप्पा, तुमी भांडेच इका.”

पर त्या माणसानं ते मनावर घेतलं व्हतं. एकदा आठ दिवस मंबईला जाऊन आले. हापिसाच्या बाहीर बाकड्यावर बसले, आत कुणी घेतलं न्हाई. आले, गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन पूजा केली, जेवले, अन मनले, “मारुती, त्यायच्या दारात बसून भागत न्हाई. ते आपल्या दारातून जातेत का बघू.” मला वाटलं आप्पाला प्रवास बाधला. पर खरंच जायचे की ते! हिरो-हिरोइन इमानात बसून जातेत. पर लाइटवाले, आवाजवाले, मेकपवाले, कपड्याला इस्त्री करणारे, हे समदे हैदराबादला शूटिंगला आमच्या पूर्ण्यावरून रेल्वेनं जातेत. जंक्शन हाय, गाडी जरा दम खाती.

एका दुपारी आप्पा टेशनावर दुकानाचं पार्सल सोडवायला गेल्ते. एक माणूस फलाटावर भाकरी हुडकीत व्हता, अन जिकडं तिकडं निस्ते वडे. तेच नारूदादा. आप्पानं आपला डबा त्यायला देऊन टाकला. नाव इचारलं, काम इचारलं, परत कवा येणार ते इचारलं. आता आमच्याकडं भांडं घेतलं की दुकानदार त्याच्यावर मशीननं नाव टाकून देतो, कुर्रर्र आवाज करीत. लग्नाचं असंल तर मामाचं नाव, वास्तूचं असंल तर घरवाल्याचं. आप्पानं एक नवा स्टीलचा डबा घेतला अन त्याच्यावर टाकलं, ‘नारायण, लाइट’. परतीच्या गाडीला त्याच डब्यात भरल्या वांग्याची भाजी घेऊन हुभे. नारूदादा डबा उघडंनातच. नावावरून बोट फिरवीत राहिले. मनले, “आप्पा, वीस वर्षं लाइट उचलतोय. पडद्यावर माझं नाव येतं तेव्हा लोक चपला शोधत असतात.”

तिथून ते सुरू झालं. जाताना डबा न्यायचा, येताना रिकामा द्यायचा. मंजी माणूस दोन्ही बारीला उतरायचाच. अन पुढच्या खेपंला संगं आणखी एकाला आणायचा. आप्पा त्याचं नाव टाकून डबा तयार ठेवायचे. घरात आप्पाच्या बायकोच्या, आमच्या काकूच्या फळीवर डबे वाढत गेले... आवाज, मेकप, कपडे, कॅमेऱ्याचा फोकस धरणारी एक बाई, एडिटिंगवाला एक पोऱ्या. आठ-नऊ वर्षं हे चाललं. अन आप्पानं त्यायच्यातल्या एकाला, एकदाबी, आपल्या पिक्चरचं इचारलं न्हाई. इचारायचे काय, तर “दादा, भर दुपारी सांज कशी दाखवता?” नारूदादा भाकरी खात खात सांगायचे. गाडी शिट्टी मारायची, ऱ्हायलेलं पुढच्या खेपंला. असं फलाटावर हुभं राहून ह्यो माणूस आख्खं पिक्चर बनवायचं शिकला. मी तिथंच हुभा व्हतो, तेवढीच वर्षं. मला अजून कॅमेऱ्याचं तोंड कोणतं ते सांगता येत न्हाई.

माहं काम डब्याची पिशवी ऑटोत टाकून न्यायचं. काकू दर माणसाचं अलग करायच्या. एकाला लसूण चालत न्हाई, एकाला तिखट लागतंय. अन मला वाचता येत न्हाई, हे मी झाकून ठेवलेलं. एका खेपंला साखरेची बिमारी असलेल्या मेकपवाल्या काकाला मी नारूदादाची पुरणपोळी दिली. ते बिचारे खूश, दोन खाऊन बसले, तवा नारूदादानं मेथीची भाजी बघून बोंब ठोकली. मला वाटलं आता आप्पा चार माणसात माही इज्जत काढणार. पर आप्पानं दुसरंच केलं. पुढच्या खेपंला दर डब्याच्या कडीला लोकरीचा अलग रंगाचा धागा. लाइटला पिवळा, मेकपला लाल, आवाजाला निळा. कुणी इचारलं तर मनायचे, “दिसायला बरा दिसतो.” ...मह्या बापानं मला एवढं सांभाळून घेतलं न्हाई.

तर निळा धागा सलीमभाईचा. आवाज भरणारा माणूस, कमी बोलणारा, अन लायनीत त्यायच्या शब्दाला लय वजन. आप्पाच्या गोष्टीचं मी नारूदादाला कवाच सांगून टाकलं व्हतं; ते मनायचे, सलीमभाई हो मनला तर बाकीचे इचारीतबी न्हाईत, येतेत. मंग एका साली आप्पाला छातीचा पहिला झटका येऊन गेल्ता. डॉक्टरनं जिना चढू नका मनून सांगितलेलं, अन आप्पा टेशनाच्या पुलाचा दादरा चढून दोन नंबरच्या फलाटावर. मला काही ते बघवंना. सलीमभाई उतरले, आप्पा जरा पलीकडं फोकसवाल्या बाईशी बोलायले व्हते, अन माहं तोंड सुटलं. “सलीमभाई, किती वर्षं भाकरी खाल्ली! आता आप्पाचा पिक्चर करा की, का माणूस मरायची वाट बघायलाव?” सलीमभाईचं तोंड असं वाकडं झालं... हातातला डबा मह्याकडं परत दिला, अन गाडीत जाऊन बसले. आप्पानं ते बघितलं. मनले, “चल, घरी जाऊ.” बस, एवढंच. परत आलेला डबा मीच खाल्ला. घास गिळवत नव्हता. तीन भाकरी कशाबशा गेल्या.

मंग वरीस झालं, वर आणखी चार-सहा महिने झाले. बाकीचे उतरायचे, सलीमभाई न्हाई. मी गाडीच्या दर डब्यात डोकावून यायचो. निळ्या धाग्याचा डबा फळीवर तसाच. आप्पा दादरा चढताना दोनदा थांबायला लागले, अन मला दर बारीला वाटायचं, ह्यो माणूस पिक्चर न करता जाणार, अन त्याचं कारण मी. फलाटावर मी तोंड उघडणंच बंद केलं. नारूदादा मनायचे, “डबेवाल्याला काय झालं?” मी निस्ती मान हलवायचो.

अन एका सकाळी सलीमभाई उतरले. आप्पाला मनले, “नारू बोलता है आपके पास एक कहानी है. सुनाओ.” आप्पानं सांगायला सुरुवात केली. म्हातारी मुक्कामावर आली, मेंढरं मोजले... तर गाडीनं शिट्टी मारली. आप्पा सवयीनं थांबले. मनले, “ऱ्हायलेलं पुढच्या खेपंला.” सलीमभाई पळत गाडीच्या डब्यात गेले, आपली बॅग घेऊन खाली उतरले अन मनले, “आगे?” गाडी निघून गेली. आप्पाच्या डोळ्यातून पाणी यायलं व्हतं, अन गोष्ट चालू व्हती.

अकरा दिवसात पिक्चर झाला. दोन कामायच्या मधले आपले सुट्टीचे दिवस घेऊन समदे आले. भावाची मेंढरं, अन गंगाखेडजवळ गोदावरीचं वाळवंट. मला एक सीन दिला व्हता, निस्तं पाठमोरं चालायचं. सात बारीला मी वळून कॅमेऱ्याकडं बघितलं. शेवटी त्यायनी मह्या जागी मेंढीच घेतली. आप्पा मातर... भांडे इकणारा माणूस, नारूदादाला मनला, “दादा, इथं उन्हं जराशे उतरू द्या,” अन समदे गप हुभे राहिले. एवढ्या मोठ्या कामातले लोक, उन्हं उतरायची वाट बघीत.

पूर्ण्याला मंगल कार्यालयात पांढरा कपडा लावून दाखवला. संपल्यावर नावं यायला लागली, लोक उठले. आप्पा जाऊन दारात आडवे हुभे राहिले. “नावं संपेस्तोवर कुणी जायचं न्हाई.” अन मोठ्यानं वाचायला लागले, एक एक नाव, एक एक काम. लोक टाळ्या वाजवायला लागले. इस्त्रीवाल्याला टाळ्या! असं मी जन्मात बघितलं न्हाई. तिथून चार महिन्यात आप्पा गेले.

परवा मी काकूकडं गेलो. काकू सैपाकघरात फळीवरचे डबे काढून घासायल्या व्हत्या. नारूदादाचा फोन आल्ता, पाच माणसं येत्या आठवड्यात जायलेत. मी खाली बसलो अन इतक्या वर्षाचं सांगून टाकलं. “काकू, मह्या तोंडामुळं आप्पाचे दीड वरीस गेले. नसता आणखी एखादा पिक्चर झाला असता.”

काकूचा हात थांबला. “सलीमभाईनं डबा परत दिला तवाचं मनतूस? अरे, त्याची दाढ दुखायली व्हती. त्याच सांजंला फोन करून मला मनला, काकू, भाकरी चावत न्हाई, राग मानू नका. मंग तो दीड वरीस राजस्थानात कामाला गेल्ता. तू काय बोललास, त्यानं ध्यानातबी ठेवलं नसंल. तुह्या बोलण्यानं पिक्चर थांबावा, एवढा तू कोण?”

मी इचारलं, “आप्पाला ठाव व्हतं?”

“मंग! मी मनलं, मारत्या झुरायलाय, सांगून टाका त्याला. तर मनले, राहू दे. तो गप हाय तवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू यायलंय.”