चारमिनार पाहायला निघाल्या दोन घागरी

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. हापशावर रांग लागली की घागरी उभ्या राहतात आणि बाया बसतात. पाणी येवो न येवो, बोलणं येतंच! त्या दुष्काळात उदगीरच्या आमच्या गल्लीनं पाणी कमी आणि किस्सेच जास्त भरले. लातूर नुकताच जिल्हा झालेला. पेढे वाटून झाले होते. नळ जुन्या जिल्ह्यात कोरडे होते, ते नव्या जिल्ह्यातही इमानानं कोरडेच राहिले.

माझ्या धाकट्या जावेच्या, शरणम्माच्या लेकीला, महादेवीला बघायला सोमवारी देवणीचे पाहुणे येणार होते. आमच्यात पाहुणा ओट्यावर चढायच्या आधी त्याला पाय धुवायला पाणी देतात. मग प्यायला, मग चहा. आणि हापशाला येत होतं लाल गढूळ!

"अक्का, असलं पाणी दिलं तर पाहुणे पाय धुवून आत येतील का माखून?" शरणम्मा रडकुंडीला आली. आधीची स्थळं हातची गेलेली. हे गेलं तर पोरगी घरात बसणार, ही धास्ती.

आणि नेमकं त्याच शनिवार-रविवारी तिचा नवरा, म्हणजे आमचे गुंडप्पा भावजी, आम्हाला हैदराबाद दाखवणार होते. भावजींचं कापडाचं दुकान. चारमिनार दाखवतो, हे लग्नातलं कबूल केलेलं. जाणार कोण, तर मी, शरणम्मा आणि शेजारची नागरबाई.

"मला न्हाई यायचं," शरणम्मा म्हणाली.

"अगं, लॉजवर नळाला दिवसभर पाणी असतंय," भावजी सहज बोलून गेले.

शरणम्मा आत गेली ती तांब्याच्या दोन घागरी घेऊनच बाहेर आली!

*

उदगीर स्टेशनावर टीसीनं घागरीत डोकावून पाहिलं.

"काय हाय ह्यात?"

"काहीच न्हाई."

"मग नेता कशाला?"

"आणायला!" शरणम्मा म्हणाली आणि डब्यात चढली. टीसी घागरीकडं बघत राहिला, भावजी दुसऱ्याच डब्यात जाऊन बसले.

*

लॉजच्या खोलीत नळ होता. नागरबाईनं तो सोडला आणि आम्ही तिघी समोर बसून पाहत राहिलो. मग नागरबाई आंघोळीला गेली. बाहेर आली, केस पुसले, आणि परत आत गेली.

"आता काय राहिलं गं?" मी विचारलं.

"अक्का, ही पुढल्या आठवड्याची!"

इकडं शरणम्मा नळापासून हलायला तयार नाही. लॉजचा मॅनेजर वर आला. "अम्मा, जाव ना, घूमके आव. नल क्या भागके जाता?"

"आमच्याकडला गेला की!"

*

तांब्याच्या घागरी परक्या खोलीत कोण ठेवणार? शरणम्मानं एक कमरेवर घेतली आणि दुसरी भावजींच्या हातात दिली. असा आमचा चारमिनार! भावजी मान वर करून सांगून राहिले, हा मिनार असा, ती कमान तशी. तेवढ्यात एक गोरा माणूस कॅमेरा घेऊन आला. आम्ही पदर सावरले. त्यानं चारमिनारकडं पाठ केली आणि शरणम्माचा फोटो काढला!

"बघा," नागरबाई म्हणाली, "तो एवढ्या लांबून आला आन् घागर बघून गेला. तुमी घागरीसंगं आलात आन् चारमिनार बघून राहिलात. शाणं कोण?"

बांगड्यांच्या बाजारात तर एका म्हाताऱ्या दुकानदारानं गिलास पुढं केला. "एक गिलास डालो अम्मा, ठंडा है ना?"

भावजी घागर पाठीमागं लपवून म्हणाले, "खाली है, चाचा."

"खाली लेके बाजार में फिररे?" चाचा हळहळला आणि उलट त्यानंच आम्हाला पाणी पाजलं. शरणम्मानं उरलेला अर्धा गिलास घागरीत ओतला. बोहनी!

*

मोठ्या म्युझियममध्ये एक घड्याळ आहे. लोक त्याच्यापुढं सिनेमाला बसल्यासारखे बसतात. आम्हीपण बसलो. बसून बसून पायाला मुंग्या आल्या. मग एक एवढासा बाहुला दार उघडून बाहेर आला, त्यानं घंटेवर टणटण केलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नागरबाई उठली. "ह्याच्यासाठी रेल्वेचं तिकीट काढलं व्हय? आपला टँकरवाला फुकट करतो की हेच! तासभर बसवतो, हॉर्न वाजवतो आन् जातो."

*

रविवारी सकाळी गोवळकोंडा. गाईडनं दारात टाळी वाजवली. म्हणाला, "यहाँ की ताली ऊपर पहाड पे सुनने आती. दुश्मन आया तो सुल्तान को फौरन खबर!"

नागरबाईनं पण वाजवून पाहिली. "भावजी, लातूरला नवं कलेक्टर ऑफिस बांधून राहिलेत ना? दार असलंच बसवा म्हणावं. आपण टाळी वाजवली तर वरी ऐकू तर जाईल!"

मग गाईडनं मातीचे नळ दाखवले. खालचं पाणी त्या काळी डोंगरावर चढवत होते म्हणे. शरणम्मा घागर खाली ठेवून बघतच राहिली.

"डोंगरावर चढवलं? आमच्याकडं तर उतारावरनंबी येत न्हाई!"

*

निघताना घागरी काठोकाठ भरल्या. गाडीत हिंदकळू नये म्हणून शरणम्मानं भावजींना दुकानात पिटाळलं.

"लोक हैदराबादेतनं मोती नेतात," भावजी धापा टाकत आले, "मी कणीक आणली!"

शरणम्मानं घागरींच्या तोंडावर ताटल्या ठेवल्या आणि कडेनं भिजवलेली कणीक लिंपली. गाडीत समोरच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं. त्यातला माणूस घागरीकडं बघून बघून शेवटी जवळ सरकला.

"क्या अम्मा, बिर्याणी दम लगाके लेजारे? बकरे की है या मुर्गी की?"

गळ्यात लिंग असलेली आमची शरणम्मा! "शिव शिव! पाणी हाय त्यात, पाणी!"

माणूस बायकोकडं वळून हळूच म्हणाला, "नहीं देना है बोलके पानी बोलरी."

उदगीर येईस्तोवर त्यांचं पोरगं घागरीला नाक लावून बसलं होतं.

*

सोमवारी देवणीचे पाहुणे जीप भरून आले. शरणम्मानं एकेकाच्या पायावर तांब्या तांब्या पाणी घातलं. नितळ! मुलाची आई पायाकडं बघतच राहिली. मग प्यायला पाणी दिलं. त्यांनी एक तांब्या पिला, दुसरा मागितला. मग चहा झाला. चहानंतर परत पाणी झालं. महादेवी येऊन पाया पडून गेली. तिच्याकडं कुणी धड बघितलं की नाही, देव जाणे.

आत दोन्ही घागरी पालथ्या पडल्या होत्या.

मुलाच्या आईनं शरणम्माला आणि मला बाजूला घेतलं.

"ईनबाई, पोरगी पसंत हाय," ती म्हणाली. "देणंघेणं, मानपान, आमाला काई म्हंजी काई नको."

शरणम्मानं डोळ्याला पदर लावला.

"फकस्त जीपमदी आमचे मोकळे कॅन हायेत. जाताना तेवढे भरून द्या. तुमच्या नळाचं पाणी लई गोड हाय!"

शरणम्मानं पदर खाली घेतला, हसून मान डोलावली, आणि माझ्या कानाला लागली.

"अक्का, हैदराबादची गाडी किती वाजता हाय वो?"