अशा नावाचं इथे कोणी नाही

नागपूर सोडताना विमानतळावर दादांनी एवढंच बजावलं, “तिकडे कोणाला खोदून खोदून नाव-आडनाव विचारू नको. आपल्याला विचारायचे, तेव्हा कसं वाटायचं ते आठव.” मी मान डोलावली. आणि लंडनच्या हाउन्सलो भागात घर घेतलं त्याच आठवड्यात शेजारच्या यूसुफकाकांच्या हातात पोह्यांची प्लेट देत विचारलं, “तुम्ही डेट्रॉइटचे ना? मग मूळचं नाव काय?”

काका ऐंशीच्या घरातले. कृष्णवर्णीय, शांत. पोहे संपवून म्हणाले, “वॉल्टर.” आडनाव मात्र उच्चारलं नाही. ते त्यांच्या खापरपणजोबांना विकत घेणाऱ्या गोऱ्याचं होतं. म्हणून विशीत ते काळ्या मुसलमानांच्या संघटनेत गेले. गोऱ्यांच्या पंगतीत पाट मागायचा नाही. आपली पंगत वेगळी, मुलूखही वेगळा.

मला राहवतंय थोडंच! “अहो, आमचंही हेच! अख्खी वस्ती देव सोडून बौद्ध झाली. आडनावंसुद्धा बदलली.”

“आयासुद्धा आल्या?”

“माझी आजी तर पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे!”

“माझी नाही आली,” काका म्हणाले. “ती चर्चमध्येच राहिली.”

संघटनेच्या बेकरीत ते कामाला होते. दर रविवारी चर्च सुटलं की आईचा फोन यायचा, “वॉल्टर आहे का?” आणि हे स्वतःच सांगायचे, “अशा नावाचं इथे कोणी नाही.” पोराचा आवाज तिला कळत नसेल? तरी पुढच्या रविवारी पुन्हा फोन. मग एका रविवारी तो आलाच नाही.

पुढे संघटना सुटली, नमाज टिकला, लंडन आलं.

तुम्ही नागपूरची मंडळी विचारता, आता घर कुठलं वाटतं? पूर्वी मी ‘हाउन्सलो’ म्हणून ठोकून द्यायचो. आता वाटतं, जिथल्या हाकेला ओ द्यायची राहून गेली, ते घर. हे फोनवर बोललो तर तुम्ही विचाराल, औषधं वेळेवर घेतोस ना?

परवा दुपारी मॅच लावून बसलो होतो. आमचं घर सेमी-डिटॅच्ड, काकांच्या घराला जोडलेलं, मधली भिंत पापडासारखी. पलीकडून काकांचा आवाज आला, “हो ममा, वॉल्टरच बोलतोय.” मग पुन्हा, “हो, आहे ना. इथेच आहे.”

फोन वाजला नव्हता. काकांकडे फोनच नाही.

बायकोला म्हटलं, “त्यांच्या डॉक्टरांना कळवू या का?”

तिने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. “आधी टीव्ही बंद करा,” ती म्हणाली. “त्यांच्या आईला ऐकू यायला हवं.”