पाइप पेटलेला असताना

चार जुने कारकून एकत्र बसले की घरच्या गोष्टी लवकर संपतात आणि साहेबांचे किस्से निघतात. जव्हार संस्थानच्या जंगल कचेरीत आम्ही नोकरी केली, म्हणजे खरं तर साहेबांच्या पाइपची चाकरी केली.

साहेब मुंबईहून विलायती तंबाखू मागवत. नवा डबा फोडला की आम्हाला वास घ्यायला लावत. "आधी अंजीर, मग मध, शेवटी जुनं कातडं. येतंय लक्षात?" हेडक्लार्क बापूराव डोळे मिटून म्हणत, "अगदी अंजीर, साहेब."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बापूराव, अंजीर कधी खाल्लंत?"

"खरं बोलून माझी बदली रानातल्या नाक्यावर झाली, तर माझ्या जागी तू जाशील का?"

*

पावसाळ्यात तंबाखू सादळे, म्हणून कचेरीतली एकुलती शेगडी डब्याजवळ असे. अर्जांना मात्र बुरशी येई. जामसर गावचा एक अर्जदार गफूर शिपायाला म्हणाला, "माझा कागद बी जरा शेगडीपाशी ठेव ना."

गफूर म्हणाला, "त्याला वास कुठे आहे?"

*

पाइप सावकाश ओढायचा. एक झुरका, मग दम. भराभर ओढला की जीभ पोळते, चव मरते. त्यामुळे पाइप पेटलेला असताना सही नाही, असा नियमच झाला. दाराशी बसलेली माणसं धूर पातळ झाला की उठून उभी राहत, आणि साहेब पुन्हा काडी ओढत. आम्ही हसायचो, पण त्या गोड वासाची मला शिसारी आली ती कायमचीच.

*

श्रावणात एका सकाळी दाभोसा गावचा जान्या वारली भिजत आला. त्याची आई रात्री गेली होती. घरात रचलेलं सुकं लाकूड जंगलाच्या राखणदारानं चोरीचं म्हणून जप्त केलेलं. चितेसाठी ते सोडवायला साहेबांची सही हवी होती. त्यांच्यात मोठ्या माणसाला जाळतात. पुरतात ती तान्ही पोरं.

बापूराव आत गेले. साहेबांनी नुसता हात वर केला. बापूराव थोड्या वेळानं पुन्हा आत गेले, तेव्हा साहेब म्हणाले, "थांबा हो, आत्ता कुठे मध लागतोय."

दुपारी जान्याचा भाऊ आला. हात कोपरापर्यंत चिखलाचे. जान्याच्या कानाशी काही बोलला आणि शेजारी बसला.

शेवटी साहेबांनी पाइप झटकला, सही केली, कागद पुढे धरला. "घे. ने तुझं लाकूड."

जान्यानं हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ दे साहेब. आयेला पुरली. तान्ह्या पोरावानी."