हे बरं का ते बरं

इथं येऊन मला आता बरेच महिने झाले. डोळे तपासायच्या कोर्सचं शेवटचं वर्ष, इंटर्नशिप, आणि तीही तमिळ मुलखात, समुद्राच्या बाजूला एका डोळ्यांच्या दवाखान्यात. सकाळपासून पेशंटच्या नाकावर जड गोल फ्रेम चढवायची, तिच्या खाचेत एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं, आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारायचं, कसं दिसतंय. पेशंट म्हणतात, "सरी." सरी म्हणजे ठीक. पहिल्या भिंगाला सरी, दुसऱ्यालाही सरी. माझ्याबरोबरची मुलं वैतागतात. मला मात्र हसू येतं. आमच्याकडे अगदी असंच "बरं" म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी माझी अ‍ॅडमिशन जाता जाता राहिली होती.

माझं घर बेळगाव जिल्ह्यात, गुंजीला. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत पहिल्या पाचांत असायची. मग खानापूरला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं आणि सगळं इंग्रजीत सुरू झालं. मी मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायची, अर्थ घरी जाऊन लावू म्हणायची, आणि घरी गेल्यावर कुणाला विचारणार? दुसऱ्या वर्षाला फिजिक्स गेलं, केमिस्ट्री गेलं, आणि त्यांच्या मागोमाग मीही कॉलेजातून गेले. प्रकाश आणि भिंगं हा धडा मी परीक्षेत कोरा सोडला होता. आता त्याच्यावरच पोट भरणार आहे, हे आठवलं की अजून मान खाली जाते.

घरी बसून काय करायचं म्हणून निपाणीला आले. ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं, तिथं चष्म्याच्या दुकानात काउंटरला मुलगी पाहिजे. गुंजीहून निपाणी म्हणजे जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. पहिले काही आठवडे गाडीचा हॉर्न ऐकला की मी दारात येऊन उभी राहायची. राहायची सोय दुकानापासून जवळच, एका जैन आजींच्या माडीवरच्या खोलीत. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणायची, मीही म्हणायला लागले. आक्का घरात कानडी, बाजारात मराठी आणि मांजराशी दोन्ही बोलायच्या. दिवस बुडायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं. एकदा सूर्य गेला की सकाळपर्यंत तोंडात घास नाही. दुकान रात्री बंद व्हायचं, म्हणून ऊन उतरायला लागलं की त्या स्वतः माझा डबा घेऊन दुकानात यायच्या. "खाऊन घे गं. अंधारात काय खातीस ते पोटाला बी दिसत न्हाय."

दुकानाच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. नंबर काढायचं काम तेच करत. त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकावर शिकवला. चिकोडीकडचे एक आजोबा आले होते, पांढरी टोपी, खिशात दोन पेनं. अण्णांनी मुद्दाम मला पुढं केलं. मी भिंग बदलत विचारलं, "आजोबा, हे बरं का ते बरं?"

"बरं."

"कुठलं बरं?"

"आता तुम्ही इतकं घालालाय म्हटल्यावर बरंच असणार की."

"तसं न्हवं आजोबा, पहिलं का दुसरं?"

"तुझ्या मनाला येईल ते घाल बाळ. आमचं काय न्हाय."

अण्णा मागं उभे राहून हसत होते. आजोबा गेल्यावर म्हणाले, "आपल्या माणसाला बरं का म्हणून कधी इचारू नको. बरं म्हंजी चांगलं, बरं म्हंजी व्हय, बरं म्हंजी ऐकलं, आणि बरं म्हंजी आता सोड मला. त्येनं कुठलं म्हटलंय, तुला कळणार कसं? त्येला वाचायला लाव. डोळ्याला इचार, तोंडाला इचारू नको."

वाचता न येणाऱ्यांसाठी भिंतीवर वेगळा तक्ता होता. त्यावर एकच इंग्रजी अक्षर, उलटंसुलटं, लहान होत जाणारं. त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते हातानं दाखवायचं. म्हाताऱ्या बायका हात असा फिरवायच्या की वाटावं वरातीतच निघाल्यात. मला ते काम आवडायला लागलं. धूसर दिसणाऱ्याला एकदम स्पष्ट दिसलं की तो आधी समोर बघत नाही, आपल्या हातांकडे बघतो. हे मी पुस्तकात कुठं वाचलं नव्हतं.

शिकायचं आक्कांनी डोक्यात घातलं. एकदा डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "ह्या कामाचं कॉलेज असतंय म्हणं बेळगावात. जाईनास का?"

"मार्क न्हाईत आक्का. दोन विषय गेलेत माझे."

"गेलेत तर आणायचे म्हागारी. गाय गेली तर आणतोच की."

अण्णांनी दुपारचं गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा अभ्यासाला बसू दिलं. मी सप्लिमेंटरीला बसले आणि दोन्ही विषय सुटले, पण अगदी काठावर. इतक्या काठावर की निकाल बघताना श्वास सोडला तर खाली पडतील असं वाटलं. त्याच मार्कांवर कॉलेजात अर्ज केला. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी फी किती ते विचारलं. मग म्हणाले, "यंदा बघ. लागला नंबर तर लागला. न्हायतर पावसाच्या आधी घरी ये. आई एकटी पडत्या." ते रागावून बोलले नव्हते, म्हणूनच मला ते मोडता येणार नव्हतं. या वर्षी अ‍ॅडमिशन मिळाली तर शिक्षण, नाहीतर गुंजी आणि पुढं सगळ्या मुलींचं होतं ते. दुकानही सुटणार होतं.

मुलाखतीला बोलावणं आलं. पहाटेची गाडी धरली. संकेश्वर, काकती, सगळं खिडकीतून गेलं, पण मी काही बघितलं नाही. मी ओठातल्या ओठात भिंगांचे प्रकार म्हणत होते. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "कुठलं स्तोत्र हाय गं हे? मला बी सांग."

कॉलेज बेळगावात खासबागेच्या बाजूला. आत टेबलामागं एक मॅडम बसलेल्या, वय झालेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी चष्मा लावून मार्क बघितले आणि माझ्याकडं बघितलं.

"कॉलेज मध्येच का सोडलंत?"

"इंग्रजी समजत नव्हतं मॅडम. आणि समजत नाही हे सांगायची लाज वाटत होती."

"इथंही इंग्रजीच आहे."

"हो."

"मग?"

"मी चष्म्याच्या दुकानात काम करते मॅडम. तिथं थोडं शिकलेय." त्यांनी बाहेर हाक मारली आणि ऑफिसातले एक मामा आत आले. चहाचे कप गोळा करत होते, तसेच हात पुसत आले. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं, भिंगांची पेटी माझ्याकडं सरकवली. "दुकानात काम करता म्हणता ना? यांचा नंबर काढा."

मी फ्रेम मामांच्या नाकावर ठेवली. घाईत तिचा एक दांडा त्यांच्या कानाऐवजी टोपीत गेला. पहिलं भिंग घातलं. आणि इतक्या दिवसांत अण्णांनी जे सांगितलं होतं ते सगळं पुसून माझ्या तोंडातून बाहेर पडलं, "मामा, हे बरं का ते बरं?"

"बरं."

दुसरं घातलं.

"हे?"

"हे बी बरं."

मी आणखी जास्त नंबरचं घेतलं. मॅडम नुसत्या बघत होत्या. मामा अगदी ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यावर, फोटोला बसावं तसे.

"आणि आता?"

"आता तर लईच बरं झालं बघा. एकदम लख्ख!"

मी खाली बघितलं. भिंग अजून माझ्या बोटांत होतं. फ्रेमची खाच रिकामी होती.

त्या क्षणी मला वाटलं, झालं, उठावं आणि स्टँडवर जावं. मामांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की हसूही येईना, रडूही येईना. पोरीचं काम व्हावं म्हणून ते बिचारे प्रत्येक भिंगाला पास करत होते. मी फ्रेम काढली. बाहेर काढलेली सगळी भिंगं पेटीत जागच्या जागी ठेवली. मग मामांच्या समोर खाली बसले आणि म्हणाले, "मामा, तुम्ही मला बरं म्हणालाय, भिंगाला न्हाय. आता माझ्याकडं बघू नका. त्या भिंतीवरच्या तक्त्याकडं बघा आणि मोठ्यानं वाचा. नाय आलं तर नाय म्हणा. तुम्ही नाय म्हटलासा तरच माझं काम हुतंय."

"नाय म्हटलं तर नापास न्हवं?"

"न्हाय हो मामा. तुमची परीक्षा न्हाय."

मामांनी खाकरून घसा साफ केला आणि वरून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला अडकले. मी फ्रेम परत चढवून भिंग घातलं, मामा पाचवीला गेले. आणखी एक, तिथंच थांबले. मी एक भिंग मागं आले. शेवटी मी नंबर सांगितला. मॅडमनी स्वतः उठून तपासला, माझा थोडा चुकला होता. त्यांनी कुठं चुकला ते तिथंच उभं राहून दाखवलं, माझ्याच हातानं भिंग फिरवायला लावून. मग खुर्चीवर बसल्या.

"पहिल्यांदा चुकलात तेव्हा तसंच पुढं का नाही नेलंत? मामा तर लख्ख म्हणत होते."

"तसंच नेलं असतं तर मामांनी वर्षभर तसलाच चष्मा घातला असता मॅडम. कुणाला सांगितलं पण नसतं."

मॅडमनी टेबलावर पेन आडवं ठेवलं. "ऐका. तुमचे मार्क फार कमी आहेत, ते मी विसरणार नाही. पहिलं वर्षभर दर शनिवारी इंग्रजी आणि फिजिक्सचे जादा तास करावे लागतील. काही समजलं नाही तर त्याच दिवशी विचारायचं. मागच्या बाकावर बसायचं नाही. जमणार आहे का?"

"बरं," मी म्हणाले.

आधी मामा हसले, कप घेऊन दाराशी थांबले होते ते. मग मॅडमनी चष्मा काढला आणि तोंडावर हात धरला.

"बरं म्हणजे कुठलं बरं? हे का ते?"

"व्हय," मी म्हणाले. "व्हय मॅडम. जमवते."

स्टँडवर येऊन घरी फोन लावला. गुंजीला जंगलाकडच्या बाजूला रेंज अशी येते की वाऱ्यावर अवलंबून. मी ओरडून सांगितलं, "आप्पा, नंबर लागला! नंबर लागला माझा!"

"काय?" पलीकडून आप्पा. "नंबर लागला? अगं, तुला कसा काय लागला? किती लागला?"

"किती म्हंजी?"

"दोन्ही डोळ्याला का एकाच?" आणि मागं वळून आईला, "चष्मा लागलाय पोरीला! त्या दुकानात बसून बसून." आईचं "अरे देवा, आता सोयरीक कशी जमायची" इतकं स्पष्ट ऐकू आलं, आणि रेंज गेली. परत लावला, लागला नाही. गाडी सुटत होती.

त्यात वाटेत टायर बसलं. निपाणीत उतरले तेव्हा दिवे लागले होते. आक्का पायरीवर बसल्या होत्या. पहाटे जाताना त्या म्हणाल्या होत्या, ये लवकर, आज दोघी मिळून जेवू. आत भाकरी आणि मुगाची आमटी तशीच झाकलेली, दोन ताटं मांडलेली. दोन्ही कोरी.

"आक्का, तुम्ही जेवला न्हाईसा?"

"तू आली न्हाईस."

"अहो पण दिवस बुडाला की!"

"बुडू दे. एक रात्र उपास घडला म्हणून काय हुतंय? त्यो उगवंल की उद्या. आधी सांग, काय झालं?"

सांगितलं. मग त्यांनी मला जेवायला बसवलं आणि स्वतः समोर भिंतीला टेकून बसल्या, पाण्याचा घोटही न घेता, आणि मामांच्या टोपीपासून सगळं दोनदा ऐकून घेतलं. मी ताट बाजूला सरकवलं. "गिळ," म्हणाल्या, "मी उपाशी बसलेय ते वाया घालवू नको." इतकं गोड मी आयुष्यात काही जेवले नसेन, आणि इतकं अवघडही.

सकाळी आम्ही दोघी पायरीवर बसून समोरच्या भिंतीवर ऊन यायची वाट बघत होतो. आत उप्पिटाचा वास सुटला होता. तेवढ्यात आप्पांचा फोन आला. स्टेशनच्या बाजूला येऊन केला होता, आवाज स्वच्छ.

"तुझी आई झोपली न्हाय. जास्त न्हाय न्हवं नंबर?"

"आप्पा, चष्म्याचा न्हाय. कॉलेजात नंबर लागला माझा. शिकायला."

मागून मालगाडी धडधडत आली. ती संपल्यावर म्हणाले, "म्हंजी घरी येणार न्हाईस."

"आत्ता न्हाय आप्पा. आईला मी बोलते. सुट्टीला येत जाईन."

"बरं."

एरवी मी फोन ठेवला असता आणि ते बरं कसलं होतं याचा महिनाभर घोर लावून घेतला असता. पण कालच तर शिकले होते.

"आप्पा, हे कुठलं बरं?"

"कुठलं म्हंजी?"

"चांगलं झालं म्हणून बरं, का आता काय बोलायचं म्हणून बरं?"

पलीकडं आप्पा हसले. असे हसलेले मी कितीतरी दिवसांत ऐकले नव्हते. "दोन्ही हाय गं," म्हणाले. "पर चांगलं जास्ती हाय. शीक."

मी फोन ठेवला तोवर भिंतीवर ऊन आलं होतं. आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल आत," म्हणाल्या, "मला लई भूक लागल्या."